आबांचा दुसरा टेक

रात्रीचा दीड वाजलेला. सबमिशन परवावर आलेलं. अख्खी विंग जर्नल्स उतरवण्यात गुंग. आणि मी? मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, अंगावरून रजई ओढून "हॅलो, चेक, वन टू" करत बसले होते. तेवढ्यात दार उघडलं. रेक्टर मॅडम!

"काय चाललंय हे?"

"मॅडम, रेकॉर्डिंग..."

"कपाटात?"

आता काय सांगणार! माझी रूममेट जतची. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा कधी हलत नाही. तिने जर्नलमधून मान वर न करता सांगून टाकलं, "मॅडम, ती संगीतकार आहे. रोजच असं करते." मॅडम हसल्या की चिडल्या ते रजईमुळे दिसलं नाही. "अकरानंतर आवाज नको," एवढंच म्हणून गेल्या. तेव्हापासून विंगमध्ये माझं नाव 'कपाट' पडलं ते आजतागायत.

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठीत बोलल्यावर दंड भरलेली मुलगी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि सापडल्या नाहीत तर श्रेय मराठी विभागाच्या सरांचं. पण हा लेख इंग्लिशमध्ये लिहिला असता तर आबांना वाचता आला नसता. आणि तो आबांबद्दलच आहे. पण तिथपर्यंत जायला जरा वेळ लागेल.

तर माझा स्टुडिओ. एक सेकंडहॅंड ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, एक हेडफोन आणि आठ जीबी रॅमचा, उन्हाळ्यात हीटरसारखा तापणारा लॅपटॉप. मेसच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढा खर्च. बाबांना सांगितलं होतं, "प्रोजेक्टसाठी." तसं ते खोटं नव्हतं.

माईक आल्यावर माझ्याकडे प्रश्नांची रीघ लागली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला माईक घेऊ?" आणि प्रत्येक जण चुकीचा प्रश्न विचारतो, कारण मीही तोच विचारला होता. माईकपेक्षा खोली महत्त्वाची! आपली हॉस्टेलची खोली दहा बाय बाराची. चारी भिंती उघड्या, खाली फरशी. आवाज भिंतीवर आपटतो, परत येतो आणि थोडा उशिरा माईकमध्ये शिरतो. म्हणून घरी केलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग बाथरूममध्ये केल्यासारखं वाटतं. त्यातून दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज मुक्कामच ठोकतो, बारा फुटांमध्ये ४७ चा. सेकंद सेमला स्टँडिंग वेव्हज् शिकवल्या होत्या ना, त्याच! पेपरात सोडवल्या आणि विसरले. आपल्याच खोलीत त्या राहतात हे मला माईक घेतल्यावर कळलं. गाद्या भिंतीला लावून बघितल्या. गादी तीव्र आवाज शोषते, पण खर्जाला तिची फिकीर नसते. तो गादीतून आरपार जातो. त्या रात्री आम्ही दोघी फरशीवर झोपलो.

दुसरा प्रश्न, "सॉफ्टवेअर कुठलं?" एका सीनियरने पेन ड्राइव्हमधून क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर दिलं. त्याबरोबर व्हायरस फुकट! लॅपटॉप फॉरमॅट झाला, तीन असाइनमेंट्स गेल्या. त्यानंतर मी शहाणी झाले. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकटच मिळतंय. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं. शिकायला एवढं पुरतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात केविलवाणा, "माझा आवाज असा का येतो गं?" बाबांनो, तो तसाच आहे! आपण स्वतःला हवेतून ऐकतो तसं कवटीच्या हाडातूनही ऐकतो आणि हाडातून खर्ज जास्त पोचतो. माईकला तुमचं हाड ऐकू येत नाही. जगाला तुमचा आवाज कायम असाच ऐकू येत होता. पहिल्यांदा कळलं की दोन दिवस बोलावंसं वाटत नाही.

आणि मग लेटन्सी. गाता गाता हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून ऐकू येणं. लॅपटॉप आवाजाचे तुकडे गोळा करून एकदम प्रोसेस करतो. बफर १०२४ सॅम्पल्सचा आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स, म्हणजे २३ मिलिसेकंद नुसते गोळा करण्यात गेले. बाहेर पडताना परत तेवढेच. २३ मिलिसेकंदांत आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे तुमच्याच गळ्यातला आवाज तुम्ही कॉरिडॉरच्या पलीकडून ऐकताय! बफर १२८ वर आणला की तीन मिलिसेकंद होतात, पण मग माझा लॅपटॉप कुकरसारखा शिट्ट्या मारतो.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये बावीस गाणी सुरू केली. पूर्ण किती? शून्य. प्रत्येकात आठ सेकंदांचा झकास तुकडा, आणि पुढे काय करायचं ते माहीत नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं असंच असणार. नवीन प्लगइन शोधण्यात रात्र घालवायची, पण गाणं संपवायचं नाही. कारण संपवलं की ते कुणाला तरी ऐकवावं लागतं.

मागच्या पावसाळ्यात आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. आमचं घर साताऱ्यात, पण आबा राहतात गावी, कोरेगाव तालुक्यात. गावच्या भजनी मंडळात पन्नासेक वर्षं गातात.

"पोरी, तू सांगलीला हायस न्हवं? मंडळाच्या वीणेला तडा गेलाय. मिरजेला दावून आणशील का?"

झालं! गावाहून वीणा आली आणि ती मांडीवर घेऊन मी सिटी बसने मिरजेला निघाले. कंडक्टर म्हणाले, "ह्याचं हाफ काढू का?"

खरं सांगते, सांगलीत दोन वर्षं राहूनही मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेले नव्हते. आपल्यापासून दहा किलोमीटरवर! तिथे गेल्या दीडशे वर्षांहून जास्त काळ सतारी आणि तानपुरे बनतात. हे काम करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा हे हात वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूरकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी आपली ऑनलाइन 'तानपुरा सॅम्पल पॅक' शोधत बसले होते!

एक चाचा तानपुऱ्याची जवारी लावत होते. तारेखाली घोडीवर सुताचा एक बारीक दोरा घालायचा, तो केसभर पुढे, केसभर मागे. एका ठिकाणी तार नुसतीच 'टण' वाजते. दोरा थोडा सरकला की एकदम आतून झण्णकन सूर उमलतो, जणू एका तारेतून दहा तारा वाजताहेत. घोडी सपाट असते, तार तिला चाटून थरथरते, म्हणून वरचे सगळे स्वर जागे होतात.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "चाचा, आमच्याकडे ह्याला बझ म्हणतात. आम्ही तो काढून टाकतो."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "काढून टाकल्यावर मग ऐकता काय?"

मला उत्तर आलं नाही. वीणा आठवड्याने मिळाली.

दसऱ्याच्या सुमारास घरून कळलं की आबांचा घसा गणपतीपासून बसलाय तो सुटतच नाही. तपासण्या झाल्या. स्वरयंत्रावर गाठ. दिवाळीनंतर ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, पण आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री नाही.

बाबा फोनवर हे सांगत होते आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? की माझ्याकडे बावीस अर्धवट गाणी आहेत आणि आबांच्या आवाजाचा एकही तुकडा नाही. लग्नाच्या व्हिडिओत "अक्षता टाका" म्हणतात, तेवढाच.

दिवाळीच्या सुट्टीत इंटरफेस, माईक, स्टँड सगळं पोत्यात भरून मी गावी गेले. आबांना म्हटलं, "आबा, तुम्ही गायचं. मी रेकॉर्ड करणार."

"आता? ह्या फाटक्या आवाजात? दहा वर्सामागं का न्हाई आलीस?"

दहा वर्षांपूर्वी मी दहा वर्षांची होते आणि त्यांचं भजन सुरू झालं की कार्टूनचा आवाज वाढवायचे. हे मी बोलले नाही. त्यांना बहुधा माहीत होतं.

डॉक्टरांनी जास्त गायला मनाई केलेली. आबा म्हणाले, "एक अभंग. लई तर दोनदा." म्हणजे दोन टेक. बस्स.

देवळात संध्याकाळी मंडळ जमलं. मी सगळी तयारी केली. ट्यूबलाइट बंद, कारण तिची गुणगुण माईकमध्ये येते. पंखा बंद. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर, कारण चार्जर लावला की ५० हर्ट्झची घरघर सुरू. समईच्या उजेडात भजन. मग मी आबांच्या कानाला हेडफोन लावला आणि मेट्रोनोम सुरू केला. टिक, टिक, टिक, टिक.

आबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "ही टिकटिक कुणाची?"

"लय बिघडू नये म्हणून, आबा."

पखवाजवाले काका हसायला लागले. आबा म्हणाले, "आरं, भजन चढत जातं. सुरवातीला बैलगाडी, शेवटाला घोडा. ह्ये घड्याळ मला सांगणार व्हय, कवा पळायचं?"

मेट्रोनोम बंद! सगळ्या ट्यूटोरियल्सचा पहिला धडा तिथेच संपला.

दुसरी अडचण, माईक एकच आणि माणसं अकरा. आबा, पेटी, पखवाज, वीणा आणि सात जणांचे टाळ. एका माईकवर नंतर मिक्सिंग करता येत नाही. जे काय कमी-जास्त करायचं ते बसण्याच्या जागेने. तेव्हा मला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब आठवले. मिरजेत राहिलेले, १९३७ मध्ये गेले, तिथेच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. वीणेच्या वेळी मी जाऊन आले होते. त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, तेव्हा विजेचा माईकच नव्हता. एक भोंगा असायचा आणि त्याच्या जवळ कोण, लांब कोण, यावर सगळा हिशोब. एका बाजूत तीन-सव्वातीन मिनिटं. चुकलं तर पुसता येत नाही. त्यांच्या मानाने माझी अडचण किती छोटी!

मी आबांना माईकपासून हातभर अंतरावर बसवलं, पेटी बाजूला, पखवाज मागे, आणि टाळवाल्यांना पार देवळाच्या पायरीवर. ते नाराज झाले. "आमी काय वाळीत हाय का?"

आणि सुरू झालं.

पहिली दोन मिनिटं आबांचा आवाज खरखरत होता. मी लेव्हल वाढवली, कारण हळू वाटत होतं. आणखी थोडी वाढवली. मग भजन चढायला लागलं. टाळ, पखवाज, सगळे... आणि आबांचा आवाज सुटला! कसा ते माहीत नाही. गणपतीपासून बसलेला घसा त्या चरणाला मोकळा झाला आणि ते वरच्या षड्जावर जाऊन उभे राहिले. पेटीवाल्या अण्णांचे हात थांबले. माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे मिटून ऐकत होते.

हीच चूक. डोळे उघडे असते तर दिसलं असतं की इंटरफेसवरचा लाल दिवा सारखा लागतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डिजिटल रेकॉर्डिंगला छप्पर असतं. त्याच्या वर आवाज गेला की लाट वरून कापली जाते, सपाट. त्याला क्लिपिंग म्हणतात. कापलेलं परत येत नाही, कारण ते कधी नोंदलंच गेलेलं नसतं. आणि हे टाळणं अगदी सोपं आहे. २४ बिटवर रेकॉर्ड करताना आवाज छपरापासून चांगला खाली ठेवला, सर्वांत मोठा आवाज -१२ डेसिबलच्या आसपास, तरी काही बिघडत नाही. नंतर हवा तेवढा वाढवता येतो. हे मी हॉस्टेलमध्ये किमान वीस जणांना शिकवलं होतं!

पहिला टेक ऐकला. तो षड्ज फाटलेला होता. लाऊडस्पीकरचा पडदा फाटल्यासारखा.

मला रडूच फुटलं. आबांनी विचारलं काय झालं. सांगितलं, "आबा, चूक माझी आहे. तुमचा सगळ्यात चांगला सूर मी घालवला."

आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सूर गेला न्हाई. अकरा जनांनी ऐकलाय की. तुझं मशीन बहिरं निघालं, त्याला तू काय करनार?" आणि पाणी पिऊन परत पेटीकडे वळले. "चला. दुसऱ्यांदा."

दुसऱ्या टेकला मी लेव्हल खाली ठेवली आणि नजर दिव्यावर. तांत्रिकदृष्ट्या सगळं स्वच्छ. पण आबा दमले होते. त्या चरणाला वरचा षड्ज त्यांनी घेतलाच नाही. खालूनच, जवळजवळ बोलल्यासारखा चरण म्हटला. मधेच रस्त्यावरून शेवटची एसटी हॉर्न वाजवत गेली, तीही आली.

सुट्टी संपवून सांगलीला आले आणि 'दुरुस्ती'ला बसले. पहिल्यांदा नॉईज रिडक्शन. समईजवळची शांतता दोन सेकंद निवडली, प्रोग्रॅमला सांगितलं की हा कचरा, काढून टाक. कचरा गेला, पण आबा विहिरीतून गातायत असं वाटायला लागलं. देऊळच गेलं ना! मग पिच करेक्शन. सॉफ्टवेअरने आबांचा गंधार 'चुकीचा' ठरवून वर ओढला. नंतर गणित केलं. नैसर्गिक शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंटने खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. पेटी शेजारी वाजत असताना आबांचा गळा पन्नास वर्षं आपल्याच गंधाराला जाऊन मिळत होता. मशीनला वाटलं, म्हातारा बेसूर आहे.

मिरजेचे चाचा आठवले. काढून टाकल्यावर मग ऐकता काय?

सगळं अनडू केलं. खालची घरघर तेवढी थोडी कापली, आवाज हलकेच वाढवला. हेडफोनवर ऐकलं, मोबाईलवर ऐकलं, मेसच्या टीव्हीला लावून ऐकलं. एकाच स्पीकरवर बरं वाटलेलं मिक्स दुसऱ्यावर हमखास गडगडतं, म्हणून. एसटीचा हॉर्न ठेवला. पहाटे चारला फाईल सेव्ह केली. तेविसावं गाणं, आणि पूर्ण झालेलं पहिलं. रूममेटने झोपेतून उठून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." जतच्या माणसाकडून यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आबा बरे आहेत. आवाज मात्र राहिला नाही. कुजबुजल्यासारखं बोलतात, फोनवर कळत नाही, म्हणून आता ते ऐकतात आणि मी बोलते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी एवढं मराठी बोलतेय.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. देवळात भजन चालू होतं. आबा पायरीवर, टाळवाल्यांत. गायला आता गावातला एक कॉलेजचा मुलगा बसतो, त्याने चाल माझ्या रेकॉर्डिंगवरून शिकली. त्या चरणाला तो खालूनच गायला, दुसऱ्या टेकसारखा. आबांनी टाळ थांबवले. हात वर करून बोटाने छताकडे दाखवलं. वर! पोराला कळेना. मग मी मोबाईल काढून पहिला टेक लावला. फाटलेला. तो षड्ज कडकडत, तुटत वाजला. त्या कडकडाटातून जागा मात्र बरोबर कळत होती. पोराने एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं आणि तिसऱ्या वेळी वर गेला. आबांनी मान डोलावली आणि टाळ परत सुरू केले.

तो टेक मी डिलीट करणार होते.

असो! लेख लांबला. ज्युनियर्सनी "कुठला माईक घेऊ?" विचारलं तर माझं उत्तर आता ठरलंय. माईक माझा न्या. लेव्हल खाली ठेवा, नजर दिव्यावर ठेवा, आणि फसलेला टेक पुसू नका. भाडं नाही, अट एकच. पहिलं रेकॉर्डिंग स्वतःचं करायचं नाही. घरी कोण गातं, कोण ओव्या म्हणतं, कोण नुसतं गोष्टी सांगतं, त्यांच्यापुढे माईक ठेवायचा. आणि या दिवाळीतच. पुढच्या नव्हे.

माईक कुठे मिळेल? कपाटात!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स